डावा, उजवा आणि मधला

डोंबिवलीत एक गृहस्थ राहत होता. बँकेत नोकरी, सकाळची फास्ट लोकल, रविवारी भाजी. वाईट सवय एकही नाही. फक्त कुठलीही वस्तू घ्यायची तर तिचा पुरता अभ्यास झाल्याशिवाय खिशात हात घालायचा नाही, हा त्याचा नेम होता. प्रेशर कुकर घेतला तेव्हा झाकणाची रबरी रिंग दहा वर्षांनी कुठे मिळेल इथपर्यंत चौकशी झाली होती. अशा माणसाला बाहेरचे चिकित्सक म्हणतात. घरचे काय म्हणतात ते घरातच राहू द्यावं.

त्याची आई जन्मभर नाटकं पाहिलेली बाई. शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन, कल्याणचं अत्रे रंगमंदिर, पुढे घराजवळचं सावित्रीबाई फुले कलामंदिर. आता गुडघे साथ देईनात. जिने चढणं, रिक्षात बसणं, मध्यंतराच्या गर्दीत उठणं, सगळंच अवघड झालं. तेव्हा मुलाने ठरवलं की नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये आईसाठी थिएटरच करायचं. मोठा टीव्ही लावायचा, त्याला चांगली ध्वनियंत्रणा जोडायची आणि आईने सोफ्यावर पाय पसरून नाटक पाहायचं. हेतू सोन्यासारखा होता. पुढचं सगळं मात्र त्या हेतूला बाजूला सारून झालं.

घरच्या थिएटरला साधारणपणे पाच डबे, म्हणजे स्पीकर, आणि एक सबवूफर लागतो. समोर डावा, उजवा आणि त्यांच्या मध्ये सेंटर. मागे दोन लहान. आणि जमिनीजवळ बसून ढगांचा गडगडाट काढणारा सबवूफर. गृहस्थाच्या लेखी खरा मान डाव्या-उजव्या जोडीचा. त्यासाठी त्याने बुकशेल्फ प्रकारातल्या दोन जोड्या निवडून ठेवल्या होत्या. एक इंग्लंडच्या कंपनीची, दुसरी अमेरिकेच्या. दोन्हींत खालच्या सुरांसाठी साडेसहा इंचांचा वूफर, दोन्हींत वरच्या सुरांसाठी एक इंचाचा ट्वीटर. उंची जवळजवळ सारखी, वजनात किलोभराचाही फरक नाही, किमतीतला फरक हॉटेलात चौघं एकदा जेवली तर संपेल एवढा.

गृहस्थाने एक शंभर पानी वही घातली. डाव्या पानावर इंग्लंड, उजव्या पानावर अमेरिका. इंग्लंडचा ट्वीटर रेशमी कापडाचा, अमेरिकेचा अॅल्युमिनियमचा. इंग्लंडची संवेदनशीलता ८५ डेसिबल, अमेरिकेची ८८. इंग्लंडचा रोध ८ ओहम, अमेरिकेचा ६. इंग्लंड खाली ४८ हर्ट्झपर्यंत उतरतो, अमेरिका ४४ पर्यंत. या शेवटच्या आकड्याने त्याची झोप उडवली. ४ हर्ट्झ कमी घ्यायचे आणि नंतर पस्तावायचं? पण मग रेशमी ट्वीटरचं काय? ठाणे येईपर्यंत इंग्लंड पक्का व्हायचा आणि घाटकोपर गेलं की अमेरिका.

मग तो लॅमिंग्टन रोडला गेला. दुकानदाराने दोन्ही जोड्या शेजारी शेजारी लावल्या, एक बटण दाबलं की ही जोडी, दुसरं दाबलं की ती. अमेरिकेची जोडी लागली आणि गृहस्थ सावरून बसला. तबला कसा भरदार, गाणारीचा श्वास कसा स्पष्ट! वहीत नोंद झाली : अमेरिका, निःसंशय.

पुढच्या महिन्यात खात्रीसाठी दुसऱ्या दुकानात गेला. तिथे दोन्ही जोड्या वेगवेगळ्या अॅम्प्लिफायरवर होत्या. इंग्लंडच्या अॅम्प्लिफायरचं बटण कोणीतरी जरा जास्त फिरवून ठेवलं होतं. या वेळी इंग्लंड भरदार वाटला आणि अमेरिका फिका. नोंद झाली : इंग्लंड, निःसंशय. वहीत दोन निःसंशय झाले आणि संशय तिप्पट झाला.

यात त्याच्या कानांचा दोष नव्हता. ८५ आणि ८८ मधला ३ डेसिबलचा फरक वहीत किरकोळ दिसतो, पण ८८ च्या डब्याइतका आवाज ८५ च्या डब्यातून काढायला दुप्पट वॅट लागतात. बटण एकाच जागी ठेवलं तर एक डबा आपोआप मोठ्याने वाजतो. आणि माणसाचा कान असा की जे जरा मोठं ते त्याला चांगलं वाटतं. त्यातही खर्जाचं गणित निराळं : आवाज लहान असला की कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, आवाज वाढला की ते झपाट्याने भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ सालीच मोजून दाखवलं. म्हणजे दुकानात दोन डब्यांची परीक्षा घ्यायची तर आधी दोघांचा आवाज सारखा करावा लागतो, आणि ते बहुतेक दुकानांत कोणी करत नाही. दुकानदाराला तेवढा वेळ नसतो आणि गिऱ्हाइकाला तेवढी कल्पना नसते.

डोळेही मध्ये येतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन संशोधकांनी १९९४ साली लोकांना तेच स्पीकर एकदा समोर दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. दिसत असताना दिलेले गुण पडद्याआडच्या गुणांशी जुळले नाहीत. नाव, आकार, रूप यांनाही गुण मिळत होते. आमच्या गृहस्थाला तर अमेरिकेच्या डब्याचं अक्रोडी लाकडासारखं पॉलिश आवडलं होतं. वहीत मात्र त्याला रकाना नव्हता.

इकडे बाकीचं सामान येत राहिलं. सगळ्या डब्यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर आला. सबवूफर आला. सुताराने टीव्हीखाली लांबलचक युनिट करून दिलं. दसऱ्याला अमेरिकेच्या त्याच कंपनीच्या सेंटरवर घसघशीत सवलत होती, तेव्हा बायको म्हणाली, "हा तरी घेऊन टाक, नाहीतर याचीही वही निघेल." सेंटर आला. युनिटच्या खालच्या कप्प्यात जागा होती, तिथे तो आत सरकवला. पुढे सेट-टॉप बॉक्स, त्याच्या बाजूला रिमोटची टोपली, वर काचेचं सरकतं दार. डाव्या-उजव्याच्या जागी जुन्या म्युझिक सिस्टिमचे डबे तात्पुरते जोडले. रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो ऐकण्याच्या जागी ठेवला की रिसीव्हर प्रत्येक डब्यातून आवाज सोडतो आणि कोणाचं अंतर किती, कोणाचा आवाज किती ठेवायचा हे स्वतः जुळवतो. गृहस्थाने तो माइक प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवला. डावा-उजवा ठरल्यावर एकदमच जुळवू म्हणाला.

असे आठ महिने गेले.

आई रोज संध्याकाळी नाटक लावायची आणि रोज एकच वाक्य म्हणायची. "आवाज येतो रे, पण काय बोलतात ते कळत नाही."

"आवाज वाढवू?"

"वाढवलास की कानात बसतो. शब्द तसेच."

"थांब गं आई. डावा-उजवा आला की सगळं नीट होईल."

आई गप्प बसायची. वाढत्या वयाची ही तक्रार घरोघरी असते आणि घरोघरी तिच्यावर उपाय म्हणून आवाज वाढवतात. वय झालं की कान आधी वरच्या पट्टीचे आवाज सोडतो. स, श, त, क, फ यांची ओळख तिथेच असते. स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस, म्हणून कोणीतरी बोलतंय हे समजतं; पण 'पाट' म्हणाला की 'ताट' की 'काठ', ते व्यंजनावर ठरतं आणि नेमकं तेच गळतं. अशा माणसाला मोठा आवाज उपयोगी नाही, स्वच्छ आवाज हवा.

वरच्या मजल्यावर नाना राहत. उभी हयात नाटकांच्या दौऱ्यांवर साऊंड सांभाळलेले. स्पूलचा टेपरेकॉर्डर, मग कॅसेट, शेवटी शेवटी लॅपटॉप, सगळं पाहिलेले. पहिल्या घंटेच्या आधी रिकाम्या थिएटरात बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं आणि रंगमंचावरच्या पोऱ्याला हळू आवाजात काहीही बोलायला लावायचं, ही त्यांची रीत. शब्द पोचला तर ठीक, नाहीतर माइक हलवायचे. एका रविवारी ते आईबरोबर नाटक बघायला खाली आले. गृहस्थाने चहाच्या आधी वही पुढे केली.

नानांनी चष्मा लावला, चार पानं उलटली, वही मिटून टीपॉयवर ठेवली. "नाटक लाव," म्हणाले.

नाटक सुरू झालं. नाना पाच मिनिटं सोफ्यावर बसले, मग उठून डाव्या डब्याला कान लावला. मग उजव्याला. दोन्हींतून पार्श्वसंगीत येत होतं, टाळ्या येत होत्या, संवाद नावापुरते.

"यातला माणूस बोलतो कुठून?"

"सेंटरमधून. संवाद बहुतेक सगळे सेंटरमधूनच येतात, नाना."

"आणि सेंटर कुठाय?"

गृहस्थाने बोट दाखवलं. नाना गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली बसले. टाइल्सवर मांडी घातली, मान वाकवली, कान सेट-टॉप बॉक्सच्या वर आणि काचेच्या खाली येईल असा धरला. तसेच मिनिटभर राहिले. मग तिथूनच म्हणाले, "इथून अगदी स्वच्छ ऐकू येतंय. वहिनींना इथे बसवायचंय का?"

आई हसली. आठ महिन्यांत नाटक चालू असताना पहिल्यांदाच.

नानांनी सेट-टॉप बॉक्स बाहेर काढायला लावला, काच सरकवली, सेंटर कप्प्यातून ओढून युनिटच्या वर टीव्हीखाली आणला. तोही आत नाही, अगदी पुढच्या कडेला. आत राहिला तर त्याच्या पुढची लाकडी फळी आवाज परतवते आणि बोलणं पिंपातून आल्यासारखं घुमतं. मग सोफ्यावरच्या आईच्या कानाकडे पाहिलं, सेंटरच्या ट्वीटरकडे पाहिलं, आणि बायकोला म्हणाले, "दाराला लावतात ती रबरी पाचर आहे का गं?" पाचर पुढून सेंटरखाली सरकवली. डब्याचं तोंड वर झालं. इतके महिने ते सोफ्यावरच्यांच्या नडग्यांशी बोलत होतं. खालचे सूर सगळीकडे पसरतात, त्यांना आडोशाची पर्वा नसते. वरचे सूर बॅटरीच्या झोतासारखे सरळ जातात आणि पहिल्या अडथळ्याला संपतात. आईचे स, त, क सेट-टॉप बॉक्सच्या पाठीवर आपटून तिथेच राहत होते.

मग नानांनी टाळी वाजवली. टाळीमागून तिची किणकिण उमटली.

"रिकाम्या थिएटरात असंच होतं. प्रेक्षक भरले की आवाज बसतो, माणसांचे कपडे आणि अंगं आवाज पितात. इथे चारच माणसं. खाली लादी, बाजूला काच. एक शब्द निघतो, तो लादीवरून येतो, काचेवरून येतो, आणि वहिनींच्या कानाशी तिघं एकदम पोचतात. सतरंजी आहे?"

माळ्यावर सोलापूरची जाड सतरंजी होती, पाहुणे आले की निघायची. ती सोफा आणि टीव्हीच्या मध्ये अंथरली. खिडकीला बायकोने कपाटातले जाड पडदे लावले. ते दिवाळीला लावायचे म्हणून आणलेले होते. माइक पिशवीतून निघाला, सोफ्याच्या पाठीवर आईच्या कानाच्या उंचीवर धरला गेला, रिसीव्हरने आपली फूं-फूं करून घेतली. शेवटी सेंटरचा आवाज नानांनी आणखी २ डेसिबलने वाढवायला लावला.

नाटक पुन्हा सुरुवातीपासून लागलं. पहिल्या प्रवेशात नोकर आत येऊन पुटपुटत काहीतरी बोलतो. आई ताबडतोब म्हणाली, "मेला खोटं बोलतोय." आणि मग कोणाकडे न बघता, "गप्प बसा आता सगळे."

गृहस्थ स्वयंपाकघरात नानांच्या मागोमाग गेला. हळूच म्हणाला, "नाना, पण त्या दोन्हींतली कुठली घेऊ?"

आता खरं तर नानांनी कपाळाला हात लावायला हरकत नव्हती. पण नाटकवाल्या माणसाला धीर असतो. त्यांनी रिसीव्हरच्या सेटिंगचा पडदा उघडायला सांगितला. "हे ८० काय लिहिलंय?"

"८० हर्ट्झ. त्याच्या खालचं सगळं सबवूफरकडे जातं, वरचं या डब्यांकडे."

"आणि तुझ्या वहीत ४४ आणि ४८ म्हणजे?"

गृहस्थ पडद्याकडे बघत राहिला. ज्या ४ हर्ट्झसाठी त्याने पावसाळा आणि हिवाळा घालवला, ते त्याच्या घरात सबवूफर वाजवणार होता. इंग्लंडकडेही ते जाणार नव्हते आणि अमेरिकेकडेही नाही. ८० वर भिंत एकदम उभी नसते, उतार असतो, हे खरं. पण त्या उतारावर ४४ आणि ४८ जवळजवळ सारखेच खाली घसरलेले असतात.

"दोन डबे इतके सारखे की आठ महिने शोधूनही फरक हाती लागत नाही," नाना म्हणाले, "तर तो फरक सोडून द्यावा. जो फरक न शोधता दिसतो तिथे हात घालावा. वहिनी रोज सांगत होत्या की शब्द कळत नाहीत. तुझ्या वहीत ते कुठल्या पानावर आहे?"

कुठल्याच नव्हतं.

हे वाचून कोणाला वाटेल की मग डब्याडब्यांत फरक नसतोच. तसं नाही. वाईट डबा वाईटच वाजतो, आणि सगळे डबे सारखे म्हणणाऱ्याने कान तपासून घ्यावेत. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए हा जेमतेम फूटभर उंचीचा डबा घडवला तेव्हा त्यांनी अपार मेहनत घेतली. पण त्यांनी आधी जागा ठरवली होती, गाडीतली अडचणीची, आणि काम ठरवलं होतं : माणसाचं बोलणं जसं आहे तसं ऐकू आलं पाहिजे. खोल खर्ज त्यांनी सरळ सोडून दिला. पुढे परवाना घेऊन वेगवेगळ्या कंपन्यांनी तोच डबा बनवला आणि कोणाचा सरस यावर शौकीन मंडळी आजतागायत भांडतात. बीबीसीवाले मात्र तो गाडीत ठेवून कामाला लागले होते.

गृहस्थाने वही उचलली आणि पुन्हा विचारलं. सवय एका दिवसात जात नाही. "तरी पण नाना, एक तर घ्यावीच लागेल ना?"

"सेंटर कुठल्या कंपनीचा आहे?"

"अमेरिकेच्या."

"मग त्याचे भाऊ घे. नट डावीकडून उजवीकडे चालत बोलतो तेव्हा त्याचा आवाज तीन डब्यांतून जातो. तिघं एका घरचे असले की माणूस एकच राहतो. नाहीतर मध्यावर येऊन त्याचा गळा बदलतो."

सेंटर दसऱ्यापासून घरात होता. म्हणजे निकाल दसऱ्यालाच लागला होता, फक्त वाचायचा राहिला होता. गृहस्थाने सोमवारी बँकेतून सुटून लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदाराने सवयीने विचारलं, "दोन्ही लावू का साहेब?" तो म्हणाला, "नको, बांधून द्या." दुकानदाराने दोनदा खात्री करून घेतली म्हणतात.

डबे आले. नानांच्या सांगण्यावरून ते भिंतीला चिकटवले नाहीत, हातभर पुढे ठेवले. मागच्या बाजूला भोक असलेला डबा भिंतीला टेकवला की खर्ज फुगतो आणि बोलण्यावर चढून बसतो. आईने नवे डबे पाहिले, छान आहेत म्हणाली. आधीपेक्षा काही फरक पडला का, असं मुलाने विचारलं. ती म्हणाली, "बाजूचं संगीत जरा गोड झालंय. पण मला कळायला लागलं ते त्या रविवारी."

वहीची पन्नास-साठ पानं कोरी राहिली होती. त्यांवर आई आता पाहिलेल्या नाटकांची नावं लिहिते.

तुमच्या घरीही कोणी रोज संध्याकाळी 'शब्द कळत नाहीत' म्हणत असेल, तर नवे डबे शोधायला लागण्याआधी मधला डबा कप्प्याबाहेर काढा, त्याचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाकडे करा आणि लादीवर एक सतरंजी टाका. यातल्या कशालाच दुकानात जावं लागत नाही. एवढं करूनही शब्द कळले नाहीत, तर त्या माणसाला कानाच्या डॉक्टरांकडे न्या. डबे नंतर बघू.